पाळी गेल्यावरच्या गोळ्या, डोळ्यांचं प्रेशर आणि खाजेवरचे ते थेंब

वाचकाचं पत्र:

"माझं वय ५१. वर्षभरापूर्वी पाळी गेली. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाघूम होऊन उठते, झोपेचं खोबरं झालंय. स्त्रीरोगतज्ज्ञांनी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन अशा दोन गोळ्या लिहून दिल्यात, अजून सुरू केलेल्या नाहीत. मध्यंतरी चष्मा बदलायला गेले तर डोळ्यांचं प्रेशर उजवीकडे २५ आणि डावीकडे २४ निघालं. माझ्या आईला काचबिंदू होता, शेवटी तिला एका डोळ्याने दिसत नव्हतं. लेकीने नेटवर वाचलं की डोळ्यांतसुद्धा इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात आणि या गोळ्यांनी काचबिंदू टळतो. नणंद म्हणते, हार्मोन डोळ्यांना वाईट, हात लावू नकोस. कोणाचं ऐकू? बाकी बीपी नाही, शुगर नाही. डोळे खाजतात म्हणून तीन-चार महिने मेडिकलमधून आणलेले थेंब घालते, त्याने लगेच बरं वाटतं."

आमचं उत्तर:

तुमच्या पत्रातली खरी बातमी शेवटच्या ओळीत आहे. पण प्रश्न गोळ्यांचा विचारलात, तर आधी गोळ्यांचं बोलू.

स्त्रीरोगतज्ज्ञांना त्या गोळ्या तुमच्यासाठी योग्य वाटत असतील, तर डोळ्यांचं प्रेशर वाढलंय एवढ्यासाठी त्या टाळायची गरज नाही. आणि काचबिंदू टळेल या आशेने त्या सुरू करण्यातही अर्थ नाही. लेक अर्धी बरोबर आहे. नणंदबाईंची भीतीही अगदीच निराधार नाही, फक्त त्यांनी हार्मोन चुकीचं धरलंय. डोळ्याचा घात करू शकणारं हार्मोन आहे, पण ते इस्ट्रोजेन नव्हे.

हार्मोन रक्तातून सगळ्या शरीरभर फिरतं, पण ज्या पेशीत त्याचा रिसेप्टर, म्हणजे ग्राही, असतो तीच पेशी त्याचं ऐकते. इस्ट्रोजेनचे मुख्य ग्राही दोन, अल्फा आणि बीटा. दान केलेल्या मानवी डोळ्यांच्या तपासणीत ते बऱ्याच ठिकाणी सापडले आहेत: दृष्टिपटलात, डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) तयार करणाऱ्या सिलिअरी बॉडीत, भिंगात, अश्रुग्रंथीत. काचबिंदूत ज्या पेशी मरतात, त्या दृष्टिपटलातल्या गँग्लिऑन पेशींतही बीटा ग्राही आढळला आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत इस्ट्रोजेनने या पेशी काही प्रमाणात वाचल्या. लेकीने वाचलं असेल ते हेच, आणि ते खोटं नाही.

मात्र ग्राही सापडला म्हणजे औषध सापडलं असं होत नाही. माणसांवरचा पुरावा पाहा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत, ज्या बायकांची पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली होती त्यांच्यात काचबिंदूचं प्रमाण, पाळी पन्नाशीनंतर गेलेल्यांच्या तुलनेत सुमारे अडीच पट दिसलं. म्हणजे इस्ट्रोजेन लवकर आटणं आणि काचबिंदू यांचा काहीतरी संबंध असावा. पण संबंध दिसला म्हणून गोळीचा उपयोग होतोच असं नाही. ते तपासायला चिठ्ठ्या टाकून गोळ्या वाटलेली चाचणी लागते, आणि तशी एक झाली आहे. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'मध्ये काही बायकांना हार्मोनच्या गोळ्या दिल्या, काहींना हुबेहूब दिसणाऱ्या बिनऔषधाच्या. त्यांतल्या अनेकींच्या डोळ्यांचं प्रेशर पुढे मोजलं गेलं. फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्यांचं प्रेशर सरासरी अर्धा मिलिमीटर (ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) कमी निघालं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या गटातलं औषध अशी जोडी घेणाऱ्यांत म्हणावा असा फरकच पडला नाही. नंतर काचबिंदूचं निदान किती जणींना झालं हेही पाहिलं गेलं. एकूण हिशेबात गोळ्यांनी ते प्रमाण कमी झालं नव्हतं. एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांत तेवढा फायदा दिसला.

अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? एकाच डोळ्याचं प्रेशर दोन डॉक्टरांनी लागोपाठ मोजलं तरी दोन मिलिमीटरचा फरक सहज येतो. काचबिंदूचा लॅटॅनोप्रॉस्टचा थेंब रात्री एकदा घातला की प्रेशर पंचवीस ते तीस टक्के उतरतं, म्हणजे तुमच्या २५ मधले सहा-सात मिलिमीटर. शिवाय तुमचं गर्भाशय शाबूत असणार, म्हणूनच तुम्हाला दोन गोळ्या लिहून दिल्यात. गर्भाशय असताना इस्ट्रोजेन एकटं देत नाहीत, कारण त्याने आतलं अस्तर वाढून कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणजे ज्या जोडीने प्रेशर हललंच नाही, ती तुमच्या चिठ्ठीवर आहे. गोळ्या वाफांसाठी घ्या, झोपेसाठी घ्या. डोळ्यांच्या खात्यावर त्या मांडू नका. त्या नकोत असं ठरवायची कारणं वेगळी आहेत: स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असणं, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ अडकलेली असणं, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव. यांतलं काही असेल तर ते स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा.

आता ते थेंब.

बाटलीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण "लगेच बरं वाटतं" हे वाचून आमचे कान टवकारले. खाजणारा डोळा घटकाभरात शांत करणारे, मेडिकलवाला सहज काढून देतो ते थेंब पुष्कळदा स्टेरॉइडचे असतात, किंवा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले. स्टेरॉइड म्हणजे आपल्याच शरीरातल्या कॉर्टिसॉल या हार्मोनचे भाऊबंद. त्यांचा ग्राही डोळ्यात नेमका अडचणीच्या जागी आहे.

ती जागा जरा जवळून पाहा. डोळ्याच्या पुढच्या भागात पाणी सतत बनत असतं, मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर. पुढच्या कप्प्यात मावतं साधारण पाव मिलिलिटर, म्हणजे तिथलं सगळं पाणी दीड-दोन तासांत बदललं जातं. बुबुळाची काच आणि रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात गोलाकार, बारीक छिद्रांची जाळी असते. बहुतेक पाणी तिच्यातूनच बाहेर पडतं. मोरीच्या जाळीसारखीच, फक्त ही जिवंत पेशींची असते आणि त्या पेशी अडकलेला कचरा स्वतः खाऊन जाळी मोकळी ठेवतात. या पेशींमध्ये स्टेरॉइडचा ग्राही असतो. थेंबातलं स्टेरॉइड त्याला चिकटलं की ग्राही पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि जनुकं चालू-बंद करायला लागतो. मग पेशी फायब्रोनेक्टिनसारखी चिकट प्रथिनं जास्त बनवते, तिच्यातले धागे एकमेकांत गुंतून ती ताठ होते आणि कचरा खाण्याचं कामही मंदावतं. पाणी बनतंय तेवढंच, जाळी तुंबलेली. प्रेशर चढतं.

सगळ्यांचं का चढत नाही? या ग्राहीचीही दोन रूपं आहेत. अल्फा काम करतो, बीटा त्याला आवर घालतो. काचबिंदू असलेल्यांच्या जाळीतल्या पेशींत बीटा कमी आढळला आहे, म्हणजे आवर घालणाराच कमी. १९६०च्या दशकात आर्मली आणि बेकर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी लोकांच्या डोळ्यांत काही आठवडे रोज स्टेरॉइडचे थेंब घालून प्रेशर मोजलं. साधारण एक-तृतीयांश लोकांचं ते सहा ते पंधरा मिलिमीटरने चढलं, आणि शंभरातल्या चार ते सहा जणांचं पंधराहूनही जास्त. ज्यांना आधीच काचबिंदू होता त्यांच्यात तर बहुतेक सगळ्यांचंच चढलं. काचबिंदू असलेल्यांची मुलं आणि सख्खी भावंडं, मोठा मायनस नंबर असलेले, आणि लहान मुलं यांना हा धोका इतरांपेक्षा जास्त. तुम्ही काचबिंदू असलेल्या आईची मुलगी आहात.

यातलं सगळ्यात फसवं असं की याने डोळा दुखत नाही, लाल होत नाही. उलट असलेली लाली जाते, खाज जाते, माणूस खूश. चढलेल्या प्रेशरने डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. नजर मध्यभागी शाबूत राहते आणि कडेने कमी होत येते. दक्षिण भारतात गावोगाव जाऊन केलेल्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या लोकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना तो असल्याचा पत्ताच नव्हता.

तेव्हा आज एवढं करा. बाटली आणि तिचं खोकं उजेडात धरा, गरज पडली तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. ब्रँडचं नाव सोडा, त्याखालची घटकांची बारीक ओळ वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायफ्लुप्रेडनेट हे जोरकस स्टेरॉइड. फ्लोरोमेथोलोन आणि लोटेप्रेडनॉल त्यामानाने सौम्य, पण प्रेशर तेही वाढवू शकतात. ओलोपॅटाडिन, केटोरोलॅक, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ही स्टेरॉइड नव्हेत. ब्रँडच्या शेवटच्या एखाद्या अक्षरावरून अंदाज बांधू नका. तेच नाव एका अक्षराच्या फरकाने साधंही मिळतं आणि स्टेरॉइड घातलेलंही, आणि घाईत दोन्ही सारखीच दिसतात.

स्टेरॉइड निघालं तर नेत्रतज्ज्ञांकडे फोन करून सांगा आणि थेंब बंद करा. नुसत्या खाजेसाठी स्वतःहून घातलेले थेंब बंद करायला हरकत नसते. पण हेच वाक्य दुसऱ्या कुणाला लागू करू नका. डोळ्याच्या आतली सूज, बुबुळ बदलल्याची शस्त्रक्रिया, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन यांसाठी डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइडचे थेंब मनाने थांबवले तर डोळा जाऊ शकतो. स्टेरॉइडच्या पोटात घ्यायच्या गोळ्याही एकदम बंद करायच्या नसतात. दम्याचा पंप तर मुळीच नाही.

बाटलीबरोबरच आठवून एक यादी करा: चेहऱ्यावरच्या डागांचं क्रीम (त्यात मोमेटासोन किंवा बीटामेथासोन असू शकतं आणि पापणीपर्यंत पसरतं), सांधेदुखीची पुडी, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, नाकाचा स्प्रे. प्रत्येकापुढे कधीपासून आणि दिवसातून किती वेळा ते लिहा. "हो, एक क्रीम लावते कधीतरी" या उत्तराने डॉक्टरांना काहीच कळत नाही.

थेंब बंद केल्यावर प्रेशर साधारण एक ते चार आठवड्यांत खाली येतं. म्हणून दोन आठवड्यांनी एकदा आणि चार आठवड्यांनी पुन्हा मोजून घ्या, शक्यतो दिवसाच्या त्याच सुमाराला. निरोगी डोळ्यातही ते दिवसभरात तीन ते सहा मिलिमीटर वरखाली होतं. तीन-चार महिन्यांच्या वापरानंतर ते बहुतेकदा पूर्ववत होतं. वर्षानुवर्षं थेंब घातलेल्यांचं मात्र वरच अडकून राहू शकतं. आणि प्रेशर उतरलं तरी तोवर मेलेल्या नसेच्या पेशी परत येत नाहीत, म्हणून नस तपासणं टाळू नका.

चष्म्याच्या दुकानात हवेचा फुत्कार मारून मोजलेलं प्रेशर हा फक्त इशारा. डोळा गच्च मिटला, श्वास रोखला, तरी आकडा वाढतो. नेत्रतज्ज्ञांकडे या तपासण्या मागा: सुन्न करणारा थेंब घालून टेकवून मोजलेलं प्रेशर, बुबुळाच्या काचेची जाडी, कारण ती सरासरी ५४० मायक्रॉनपेक्षा बरीच जास्त असेल तर आकडा खोटा वाढलेला दिसतो, आणि आरशाच्या भिंगाने कोपऱ्याची तपासणी, जिला गोनिओस्कोपी म्हणतात. ही शेवटची नेमकी वगळली जाते, आणि ती बाहुली मोठी करण्याआधी व्हायला हवी. मग बाहुली मोठी करून नसेची तपासणी, ओसीटी (नसेचे थर दाखवणारा स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्राची, म्हणजे कडेचं कुठवर दिसतं त्याची, चाचणी. बाहुली मोठी केल्यावर तीन-चार तास धूसर दिसतं, स्कूटर चालवत जाऊ नका. दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत पहिल्या खेपेला बऱ्याच जणांची गडबड होते, कधी बटण दाबायचं हेच उमगत नाही. पहिला रिपोर्ट वाईट आला म्हणून खचू नका, पुन्हा करून घ्या.

नस आणि दृष्टिक्षेत्र ठीक असेल आणि थेंब सोडूनही प्रेशर २४-२५ वरच राहिलं, तर लगेच औषध हवंच असं नाही. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत २४ ते ३२ प्रेशर असलेले, पण नस शाबूत असलेले लोक घेतले होते. पाच वर्षांत बिनऔषधाच्या गटात ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घालणाऱ्यांत ४.४ टक्के. म्हणजे धोका निम्म्यावर येतो हे खरं, पण औषध न घेतलेल्या दहांतल्या नऊ जणांनाही तेवढ्या काळात काही झालं नव्हतं. आईचा इतिहास, बुबुळाची जाडी आणि नसेचं रूप पाहून डॉक्टर ठरवतील. थेंब सुरू झाले तर ते घालायची रीत विचारून घ्या. एका वेळी एकच थेंब, कारण डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. नंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरा, म्हणजे औषध नाकावाटे रक्तात कमी जातं. दुसरा थेंब असेल तर मध्ये पाच मिनिटं. टिमोलॉल लिहून दिलं तर दमा किंवा मंद नाडी असल्यास आधी सांगा. तो थेंब ॲड्रेनॅलिनच्या ज्या बीटा ग्राहींना डोळ्यात अडवतो तेच फुप्फुसात आणि हृदयातही असतात.

आता गोळ्या आणि थेंब यांची गाठ जिथे पडते ते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस हजारांवर अमेरिकन बायकांच्या पाहणीत, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत डोळे कोरडे पडण्याचं प्रमाण हार्मोन न घेणाऱ्यांपेक्षा ६९ टक्के जास्त दिसलं, आणि जोडी घेणाऱ्यांत २९ टक्के. पाळी गेल्यावर डोळे तसेही कोरडे पडतात. पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथींना अँड्रोजेन या दुसऱ्या हार्मोनचा आधार असतो आणि तो वयाबरोबर कमी होतो. म्हणजे गोळ्या सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी चुरचुर, खाज वाढू शकते, आणि तुम्ही सवयीने पुन्हा त्याच मेडिकलच्या काउंटरवर उभ्या राहाल. आम्हाला गोळ्यांची भीती वाटते ती एवढीच.

त्याऐवजी चुरचुरीसाठी कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे थेंब दिवसातून चार वेळा. त्याहून जास्त लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. पापण्यांवर सकाळी पाच-सात मिनिटं कोमट फडक्याचा शेक. खाज असेल तर उलट, गार पाण्याची घडी, आणि चोळणं बंद. ॲलर्जीच आहे असं तपासणीत ठरलं तर ओलोपॅटाडिनसारखे थेंब डॉक्टर देतील. त्यांचा परिणाम स्टेरॉइडइतका जादूचा वाटत नाही. तेवढी कळ काढा.

कोपऱ्याच्या तपासणीचा आग्रह धरला त्याला आणखी एक कारण आहे. वाफांसाठी हार्मोन नको असं ठरलं तर कधीकधी व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरॉक्सेटिन देतात. लघवीची घाई होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन. सर्दीच्या गोळ्या तर आपण न विचारताच घेतो. कोपरा उघडा असेल तर यांनी सहसा बिघडत नाही. तो अरुंद असेल तर मात्र बाहुली मोठी होऊन पाण्याची वाट एकदम बंद पडू शकते. अरुंद कोपऱ्याचा काचबिंदू आशियाई लोकांत आणि बायकांत जास्त दिसतो. तेव्हा डोळा लाल होऊन ठणकायला लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसू लागली आणि उलट्या झाल्या, तर ते पित्त समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांच्या दवाखान्यात जा.

स्त्रीरोगतज्ज्ञांना पुढच्या खेपेला एका कागदावर इतकं लिहून द्या: आईला काचबिंदू, माझं प्रेशर २५ आणि २४, कोपरा उघडा की अरुंद, कोणते थेंब किती दिवस घातले आणि कधी बंद केले. गोळ्या सुरू केल्या तर डोळ्यांची पुढची तपासणी तीन महिन्यांच्या आसपास ठेवा, कोरडेपणासाठीही आणि प्रेशरसाठीही.

आणि ती बाटली घरात ठेवू नका. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या पोराला कुणीतरी "हे घाल, लगेच बरं वाटतं" म्हणून देतं, आणि मुलांचं प्रेशर मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त चढू शकतं. तुमची सख्खी भावंडं असतील तर त्यांनाही नस आणि प्रेशर तपासायला पाठवा, आजवर कधी डोळा दुखला नसला तरी. नणंदबाईंचं तुमच्या आईशी रक्ताचं नातं नाही, त्यांना या रांगेत उभं करायची गरज नाही. मात्र त्यांनी चाळिशी ओलांडली असेल आणि त्याही खाजेवर तेच थेंब घालत असतील, तर जाताना त्यांनाही बरोबर न्या.